हळू आवाजातला डाग

आमच्या घरात डाग हा शब्द दोन आवाजांत बोलला जायचा. हळू आवाजातला डाग म्हणजे सोन्याचा. आईची बोरमाळ, काकूची ठुशी, कानातली फुलं, हे सगळे डाग; आणि त्यांच्याविषयी काही बोलायचं झालं तर आई दार लोटून घ्यायची, काकू जवळ सरकायची आणि दोघी अशा कुजबुजायच्या की मांजरालासुद्धा कान टवकारावे लागावेत. मोठ्या आवाजातला डाग म्हणजे कपड्यावरचा. तो कसाही आणि कुठूनही ओरडला तरी चालायचा. गोठ्यातून, हौदावरून, पेरूच्या बागेतून "आगं डाग पडला!" अशी आरोळी आली की आई हातातलं काम टाकून उठायची आणि आधी एकच प्रश्न विचारायची: "कोणाचा?"

कोणाचा म्हणजे कोणाच्या कपड्याला, असं नाही. डाग कोणाचा लेक आहे, असं तिला विचारायचं असायचं. तिच्या हिशेबात डागांची तीन घराणी होती: झाडाचं, जनावराचं आणि चुलीचं. जनावराचा डाग म्हणजे रक्त, दूध, अंडं. त्याला गार पाणी आणि मीठ, कारण ऊन पाणी घातलं की तो कापडातच शिजतो आणि मग कायमचा मुक्कामाला राहतो. झाडाचा डाग म्हणजे जांभूळ, चिंच, केळीचा चीक. जांभळाला आंबट ताकात भिजवायचं, चिकाला रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचं आणि रॉकेलचा वास जाईपर्यंत धुवायचं. चुलीच्या डागात तेल असतं, म्हणून त्याच्यावर आधी ज्वारीचं कोरडं पीठ दाबायचं, पिठानं तेल प्यायलं की ते झटकायचं आणि मगच पाण्याला हात लावायचा. राहाता तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर पेरू आणि डाळिंब दोन्ही होती, त्यामुळे झाडाच्या घराण्याशी आमचे संबंध रोजचेच. डाळिंबाच्या सालीचा डाग मात्र जात नाही, फिका होतो. कोणी जातो म्हणालं तर त्यानं करून दाखवावं, मी माझा पांढरा रुमाल द्यायला तयार आहे.

सगळ्यांत नाजूक गोष्ट हळदीची. तिला साबण दाखवायचा नाही, हा आईचा नियम होता. "हळद साबणावर चिडती," ती म्हणायची. आणि खरोखरच चिडायची. पिवळ्या डागावर साबण घासला की तो बघता बघता कुंकवासारखा लाल होतो. तिला लिंबानं शांत करायचं, परत पिवळी झाली की ओलंच कापड कडक उन्हात टाकायचं, सुकलं की पुन्हा ओलं करायचं. बाकीचं काम ऊन करतं. एका लिंबाला अर्धा चमचा मीठ, हे माप मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं, कारण आई "अंदाजानं घे" म्हणायची आणि अंदाज हे माप माझ्या डोक्यात कधी बसलं नाही. आजही माझी मुलगी मोबाईलवर व्हिडिओ पाठवते. त्यातली हसरी बाई सांगते, थोडा सोडा घ्या, थोडं व्हिनेगर घाला, बघा कसा फेस येतो. फेस येतो हे खरं. पण दोघं एकमेकांशी भांडून थकलेले असतात आणि डाग मजेत बसलेला असतो. आणि थोडं म्हणजे किती, हे ती बाई शेवटपर्यंत सांगत नाही.

सुमनताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला बघायला दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा तिनंच नाही म्हटलं होतं. एकाचं कारण तो पाणी पिताना आवाज करत होता, दुसऱ्याचं कारण तिला सांगताच येईना. तिसरं स्थळ पाथर्डीकडचं. मुलगा नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर होता. चैत्राच्या टळटळीत उन्हात त्यांची जीप आमच्या बांधावर येऊन थांबली आणि ताई व मी खिडकीच्या फटीला एकेक डोळा लावून उभ्या राहिलो. मुलगा उतरला, त्यानं वाटेत आडव्या झालेल्या आमच्या शेळीला हात जोडून "वाट द्या बाई" म्हटलं, आणि ताई जी फसकन हसली ती तोंडावर ओढणी दाबत खालीच बसली. मग माझा हात धरून म्हणाली, "हे जमलं पाहिजे हं." इतकंच. पण तिचा हात गरम झाला होता.

मुलाबरोबर दोघं होते. वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, आणि तात्यांची थोरली बहीण, आत्याबाई. तात्या बोलायला मोकळे, पण त्यांची टोपी फार कडक. पांढरी गांधी टोपी, खळ घालून, निळीत बुडवून, अशी इस्त्री केलेली की तिच्या कडेनं पेरूची फोड कापता आली असती. बसल्या बसल्या त्यांनी अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ऐकवलं, "मानसाची पारख टोपीवरनं व्हती बघा. मी आजवर दुसऱ्याच्या हातानं टोपी धुतलेली न्हाई." आत्याबाई फारसं बोलत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. घराचा शब्द त्यांचा, हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं. आतल्या भांड्याचा आवाज झाला तरी त्यांची मान तिकडे वळायची.

जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया आणि भजी. आमटीला काकूनं हात सैल सोडला होता. वर तेलाचा लाल पिवळा तवंग, खाली काळा मसाला, आणि वास असा की जीपचा ड्रायव्हर न बोलावता ओसरीवर आला. शिर्डीला प्रसादाचं दुकान असलेल्या मामानं आमच्यासाठी नव्यानं निघालेले पांढरे कागदी द्रोण पाठवले होते. एरवी आम्ही पळसाचे द्रोण वापरायचो. हे पांढरेशुभ्र, होडीच्या आकाराचे. काकू तर ते हातात घेऊन म्हणाली होती, "ह्यात वाढायचं म्हंजे पापच की." पंगतीसाठी ताटं मांडली, प्रत्येक ताटाशेजारी एक द्रोण ठेवला. तात्यांनी पंख्याखालची जागा बघितली, ती दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून डोक्यावरची टोपी काढून तिथल्या ताटाशेजारी उलटी ठेवली, आणि ते हातपाय धुवायला हौदावर गेले.

काकूला लांबचं नीट दिसत नव्हतं आणि जवळचंही बेताचंच. चष्मा लावला की म्हातारी दिसते म्हणून तो कायम देवघरात, देवासमोर. ती आमटीचं पातेलं घेऊन ओळीनं वाढत निघाली. मी तिच्या मागे परातीत मीठ आणि लिंबाच्या फोडी घेऊन. एक द्रोण, दुसरा द्रोण. तात्यांच्या ताटापाशी तिनं ओगराळं भरून, पाहुण्यांत मानाचा माणूस म्हणून तळापासून ढवळून, टोपीत आमटी वाढली. आणि टोपी कडक असल्यामुळे ती तशीच उभी राहिली, एखाद्या इमानी द्रोणासारखी. काकू पुढे निघालीसुद्धा. मग टोपीच्या बुडातून पिवळा थेंब पडला.

मी टोपी उचलली, मिठाच्या परातीत ठेवली, वर पदरासारखी ओढणी टाकली आणि चालत, पळत नाही, मागच्या दारानं बाहेर पडले. मागून तात्यांचा आवाज आला, "आरं, माझी टोपी?" आणि ताईचा, जी दाराआडून सगळं बघत होती, "वाऱ्यानं उडत होती तात्या, आत नीट ठेवली." मागच्या अंगणात मी परातीवरची ओढणी काढली. आईनं बघितलं. तिनं पहिल्यांदाच "कोणाचा" हे विचारलं नाही.

जेवणं झाली. तात्या ओसरीवरच्या बाजेवर आडवे झाले आणि लगेच घोरू लागले. म्हणजे आमच्याकडे त्यांच्या एका झोपेइतका वेळ होता. आईनं टोपीवर पीठ दाबलं, तेल ओढून घेतलं, इथवर सगळं शिस्तीत. ती पीठ झटकून लिंबं आणायला आत वळली तेवढ्यात काकू आली, घाबरलेली, आणि पापक्षालन म्हणून तिनं धुण्याच्या साबणाची अख्खी वडी टोपीवर घासली. आई परत आली तेव्हा तात्यांची टोपी लालभडक झाली होती.

"कुंकू झालं गं बाई!" काकू म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. ते भीतीचं हसू होतं, पण एकदा सुटलं की थांबेना. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिला बघून मला, मला बघून ताईला. आई रागानं आमच्याकडे बघत होती आणि तिचेही खांदे हलत होते. त्यात घरात लिंबं उरली नव्हती. होती तेवढी सगळी फोडी करून ताटांत वाढलेली. मग मी खरकट्या ताटांतून पिळलेल्या फोडी गोळा करून आणल्या. त्यांतली एक खुद्द तात्यांच्या ताटातली होती, ती न पिळता ठेवली होती, तिचा फार आधार वाटला.

हे सगळं अर्थातच हळू आवाजात चाललं होतं. ओसरीवर पाहुणे. आणि इथेच घोटाळा झाला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरातल्या बायका कपड्याच्या डागाविषयी सोन्याच्या आवाजात बोलत होत्या. मागच्या अंगणावर माजघराची खिडकी उघडते, आणि त्या खिडकीखाली सतरंजीवर आत्याबाई डोळे मिटून पडल्या होत्या. फक्त डोळे.

"डाग जाईल ना गं?"

"पुरता न्हाई जायचा. फिका पडंल."

"लाल झालाय की."

"लिंबू लावलंय. आता ऊन दाखवायचं. उन्हानं उतरतो हा डाग."

"तात्यांना कळलं तर?"

"त्यांना कळायच्या आतच घालवायचा. नायतर सुमीचं काय खरं न्हाई."

मी आज हे लिहिताना एकेक वाक्य पुन्हा वाचून बघते, आणि आत्याबाईंना दोष देता येत नाही. त्या काळी अंगावर कोड उठलं की वैद्य लेप लावून उन्हात बसायला सांगत. आत्याबाईंनी दोन आणि दोन चार केले. बेरीज बरोबर होती, आकडे दुसऱ्याचे होते.

ओसरीवर एकदम मोठा आवाज झाला म्हणून आम्ही धावत दारापर्यंत गेलो. आत्याबाई बाजेशी उभ्या राहून भावाला हलवत होत्या.

"तात्या, ऊठ. गाडी काढाय सांग. हितं आपलं जमत न्हाई."

"का गं आक्का? जेवान तर झ्याक झालं."

"जेवनात न्हाई, पोरीत खोट हाय. डाग हाय तिला. मायलेकी मागं बसून लपवत्यात. म्या माझ्या कानानं ऐकलं."

अण्णा गडबडून उठले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि पुरुषमाणसाला डाग या शब्दाचा एकच अर्थ माहीत. "लपवत्यात? आक्का, आमच्यात डाग लपवायची रीत न्हाई. हायेत ते सगळे लोखंडी पेटीत हायेत. पायजे तर आत्ता काढून दाखवतो."

"पेटीत?" आत्याबाई एक पाऊल मागे सरकल्या. "डाग पेटीत ठेवत्यात व्हय?"

"मग काय रोज अंगावर घालून शेतात जायचं? कार्याला काढतो, परत ठेवतो. एखादा मोडला तर सोनाराकडनं नीट करून आणतो."

तात्या बाजेवर बसून एकदा बहिणीकडे, एकदा अण्णांकडे बघत होते. मुलगा खांबाला टेकून उभा होता, त्याची मान खाली. काकूला पुन्हा हसण्याची उबळ आली आणि ती आत पळाली. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी ताईकडे बघत होते. तिचा चेहरा उतरला होता. जीपच्या ड्रायव्हरनं खरंच किल्ली काढली होती.

ताई दारातून बाहेर आली. तिनं ओढणी काढून माझ्या हातात दिली, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि ओसरीच्या कडेला, उन्हात जाऊन उभी राहिली. "आत्याबाई, हे हात. हे पाय. ही मान. बघून घ्या. डाग न्हाई." मग हात तसेच पुढे ठेवून म्हणाली, "पन असता तर काय बिघडलं असतं? तुमच्या घरी भाकरीच करायच्या ना मी? डागाच्या हातानं थापली तर भाकरी फुगली नसती?"

शेळी तेवढी ओरडली. आणि मग खांबाकडून आवाज आला, "फुगली असती."

सगळे वळले. मुलगा कानापर्यंत लाल झाला होता, साबण लावलेल्या हळदीसारखा. पण त्यानं पुन्हा सांगितलं, या वेळी आत्याबाईंकडे बघून, "फुगली असती, आत्या. मला चालंल. असला तरी."

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. आता मी राहते त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मुलगी आहे, हुशार, बँकेत नोकरीला, तिच्या हातावर कोड आहे. तिला बघायला माणसं येतात आणि चहा पिऊन जातात. ताईनं विचारलेला प्रश्न अजून कोणी नीट सोडवलेला नाही. त्या दिवशी एका लेथवरच्या मुलानं दोन शब्दांत सोडवला, म्हणून मी त्यांना दाजी म्हणताना आजही आवाजात थोडा मान ठेवते.

तात्यांनी डोकं खाजवलं. हात केसांना लागला तेव्हा त्यांना आठवण झाली. "ते समदं ऱ्हाऊ द्या. माझी टोपी कुठाय?"

आता आणण्यावाचून इलाज नव्हता. मी परात घेऊन गेले. टोपी ओली, अर्धी पिवळी, अर्धी लाल, कडकपणा पार गेलेला, आणि घडीत लिंबाची एक बी चिकटलेली. तात्यांनी ती दोन बोटांनी उचलली. काकू डोळे पुसत पुढे आली. "तात्या, माझ्याच्यानं झालं. मला तो द्रोण वाटला."

"द्रोण?"

"आमटी वाढली त्यात."

तात्या टोपीकडे बघत राहिले. त्यांनी ती नाकाजवळ नेली, वास घेतला. "तरीच," ते म्हणाले, "मला एकच वाटी आमटी कशी मिळाली म्हनून इचारनार हुतो." आणि बाजेवर मागे रेलून असे हसले की बाजेचे सुंभ करकरले. आत्याबाईंना अजून उलगडा होईना. आईनं त्यांना हाताला धरून मागच्या अंगणात नेलं, पीठ, साबण, पिळलेली लिंबं, सगळं दाखवलं. त्या परत आल्या तेव्हा पदर तोंडावर होता आणि पोट गदगदत होतं. "आगं पन मग मोठ्यानं बोलायचं की!" त्या आईला म्हणाल्या. "डागाचं कुनी कानात बोलतं व्हय?"

तात्या अण्णांकडे वळले. "पाव्हनं, रीत अशी हाय की डाग आमी घालायचा, तुमच्या पोरीला. तुमी तर आदीच आमाला घातला. आता आमाला फिरायला जागा न्हाई." असं लग्न ठरलं. सुपारी फोडायला अडकित्ता सापडेना, कारण काकूनं तो घाईत टोपी ताणून ठेवायला वापरला होता.

तात्या अण्णांची टोपी घालून गेले. ती त्यांना इतकी लहान होती की जीपमधून दिसेनाशी होईपर्यंत ते एका हातानं ती धरून बसले होते. त्यांची टोपी आमच्याकडे राहिली. आई ती रोज ओली करून उन्हात टाकायची. पुढच्या रविवारी ती न्यायला मुलगा एकटाच आला. टोपी तोवर बरीचशी पांढरी झाली होती, पण आईनं ती उजेडात धरून, पापणीही न हलवता सांगितलं, "अजून थोडं ऊन लागंल. पुढच्या रविवारी या." तो खुशीत गेला. ताईनं त्या रात्री आईच्या पायाला तेल लावून दिलं. उन्हाला किती वेळ लागतो याचं माझं माप वेगळं होतं, पण आईच्या अंदाजाविरुद्ध मी तेवढ्या एकदाच काही बोलले नाही.

लग्न आमच्याच दारात झालं. तात्या तीच टोपी घालून आले, पुन्हा कागदासारखी कडक, आतल्या घडीत नखाएवढी पिवळी चंद्रकोर. मांडव भरलेला, सनई थांबलेली, मुलीच्या अंगावर दागिने घालायची वेळ आली. आत्याबाई पुतळ्यांची माळ घेऊन पुढे झाल्या. आमच्या घरात एकदा कुजबुज ऐकून त्यांची फजिती झाली होती, ती त्यांना पुन्हा नको होती. त्यांनी ताईच्या गळ्यात माळ घातली, फासा बसवला, आणि मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आरोळी ठोकली, "घातला गं बाई डाग!"

आणि मागे, चुलीपाशी पुऱ्या तळत बसलेल्या आईनं, मान वर न करता, तितक्याच मोठ्यांदा ओरडून विचारलं, "कोणाचा? साबण लावू नका!"